माळवद ते स्लॅब : मराठवाड्यातील घरांची उन्हाळी डागडुजी – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठवाड्याचा इतिहास लिहिताना दुष्काळ, निजामी राजवट, मुक्तिसंग्राम आणि भूकंप यांची दखल घेतली जाते. उन्हाळ्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे गेल्यावर सामान्य कुटुंब घरात कसे राहत होते, घर राहण्याजोगे ठेवण्यासाठी कोणाला कोणते कष्ट करावे लागत होते, हे प्रश्न बहुधा वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांवर सोपविले गेले. वस्तुतः ते सामाजिक इतिहासाचेही प्रश्न आहेत.

अलीकडे ऊर्जाबचतीच्या संदर्भात 'रेट्रोफिटिंग' हा शब्द वारंवार वापरला जातो. बांधून झालेल्या घरात नंतर फेरफार करून ते कमी विजेत, कमी त्रासात राहण्याजोगे करणे, असा त्याचा अर्थ. ही कल्पना नवी आणि बाहेरून आलेली आहे, असा समज सर्वत्र आढळतो. मराठीत मात्र या क्रियेसाठी 'डागडुजी' हा जुना शब्द आहे आणि मराठवाड्यातील घर दरवर्षी डागडुजी मागणारेच घर होते. ही डागडुजी कोण करीत होते, ती कोणत्या कारणांनी थांबली, आणि ती थांबल्यावर घर थंड ठेवण्याचा भार कोणावर पडला, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. अभ्यासाची व्याप्ती आजच्या मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांपुरती मर्यादित आहे. हा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

१. माळवद : रचना आणि वार्षिक श्रम

दख्खनच्या कोरड्या पट्ट्यातील सपाट मातीच्या छताला कोठे धाबे, तर कोठे माळवद म्हणतात. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर फांद्या व पालापाचोळा, त्यावर मातीचा जाड थर आणि सर्वांत वर पांढरी माती, अशी त्याची सर्वसाधारण रचना असे. चार खांबांमधील जागेला 'खण' म्हणत आणि घराचे मोजमापही खणांत होई. भिंती दगड-मातीच्या, दोन फुटांहून अधिक जाड आणि खिडक्या मोजक्याच असत. उजेडासाठी व धूर बाहेर जाण्यासाठी छतात साणे ठेवलेले असे.

या रचनेचा उष्णतेशी असलेला संबंध स्पष्ट आहे. फूट-दीड फूट मातीतून दुपारचे ऊन खालपर्यंत पोहोचायला कित्येक तास लागतात. ती उष्णता घरात उतरू लागे तेव्हा रात्र झालेली असे आणि कुटुंब माळवदावर अंथरूण टाकून झोपलेले असे. म्हणजे दिवसा घरात आणि रात्री घरावर, असा हा दिनक्रम होता. घराची रचना आणि माणसांची वहिवाट या दोहोंतून मिळून गारवा साधला जाई. त्यांपैकी एक बदलली की दुसरीचा उपयोग उरत नसे.

परंतु हे छत स्वतःहून टिकणारे नव्हते. पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी पांढरी माती टाकून ती चोपावी लागे. उगवलेले गवत उपटावे लागे, उंदीर-घुशींची बिळे बुजवावी लागत, उतार आणि पन्हळी नीट कराव्या लागत. कुजलेले लाकूड बदलण्याचे काम बलुतेदार सुताराचे. भिंती व जमीन सारवण्याचे काम घरातील स्त्रियांचे. सणापूर्वी चुन्याची सफेदी होई. पांढरी माती बहुधा जुन्या गावठाणाच्या टेकाडातून आणली जाई. 'पांढरी' हा शब्द गाववस्तीला आणि त्या मातीला असा दोहोंना लागू होतो तो त्यामुळेच. या उत्खननात दख्खनमधील अनेक प्राचीन वस्त्यांचे थर नष्ट झाले, ही पुरातत्त्वज्ञांची जुनी तक्रार आहे. एका पिढीने आपले छत राखण्यासाठी पूर्वीच्या पिढ्यांची पांढरी खणली, असे येथे म्हणता येते.

माळवद सर्वांना उपलब्ध नव्हते, हेही नमूद करणे आवश्यक आहे. लाकूड, जाड भिंती आणि मनुष्यबळ परवडणाऱ्या जमीनधारक कुटुंबांचे ते घर होते. गावकुसाबाहेरील वस्त्यांत आणि भूमिहीनांच्या वाट्याला कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर येई. तेथेही दरवर्षी छप्पर शाकारणे अटळ होते. त्यामुळे 'पूर्वीची घरे थंड होती' हे विधान करताना कोणाची घरे, हा प्रश्न विचारावाच लागतो.

२. पाणी, वाळा आणि पंखा : सत्ताधारी वर्गाचा गारवा

सामान्य कुटुंब मातीच्या जाडीवर विसंबून होते, तर सत्ताधारी वर्गाकडे पाणी व सेवक यांचा आधार होता. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील पाणचक्की हे त्याचे उत्तम उदाहरण होय. नहरीने आणलेले पाणी जेथे साठविले जाते त्या मोठ्या हौदाचा तळ हाच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. छतावर पाणी असल्याने ते दालन उन्हाळ्यात गार राहते. अठराव्या शतकातील ही रचना दर्ग्याला येणाऱ्या यात्रेकरूंच्याही उपयोगी पडत होती, हे तिचे वैशिष्ट्य.

वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा उपयोग मोगल दरबारात रूढ होता. 'आईन-इ-अकबरी'त अबुल फजलने वाळ्यापासून केलेल्या थंड निवाऱ्यांचे श्रेय अकबराला दिले आहे. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांनी ही पद्धत उचलली आणि तिला छताला टांगलेल्या कापडी पंख्याची जोड दिली. बंगल्याचे रुंद व्हरांडे आणि उंच छत ही बांधकामातील सोय होती, परंतु तेवढ्याने भागत नव्हते. ताट्यांवर पाणी शिंपडणारा भिस्ती आणि दोरी ओढणारा पंखेवाला यांच्याविना बंगला तापतच असे. पंखा ओढताना झोप लागली म्हणून झालेल्या मारहाणीचे आणि त्यातून ओढवलेल्या मृत्यूंचे खटले वसाहतकालीन न्यायव्यवस्थेच्या इतिहासात नोंदले गेले आहेत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी विजेचा पंखा आला आणि कालांतराने हा सेवक दिसेनासा झाला. घर थंड ठेवण्याचे मानवी श्रम विजेकडे सोपविण्याचा हा पहिला टप्पा होता.

३. पत्रा, सिमेंट आणि स्लॅब

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तयार झालेला नालीदार, जस्त चढविलेला लोखंडी पत्रा भारतात आला आणि गोदामे, रेल्वेच्या इमारती, छावण्या यांतून हळूहळू घरांवर चढला. पत्रा हलका होता, गळत नव्हता आणि दरवर्षी माती मागत नव्हता. त्याची किंमत दुपारी मोजावी लागे. पत्र्याला उष्णता थोपविण्याची क्षमता जवळजवळ नसल्याने ऊन चढताच घर तापे. ग्रामीण मराठवाड्याने यावर आपल्या परीने उपाय केले. पत्र्यावर कडबा, तुराट्या किंवा पऱ्हाट्या अंथरणे, दारापुढे मांडव घालणे, दाराला ओले गोणपाट लावणे हे ते उपाय होत. त्यांची गणना कोणत्याही शासकीय योजनेत झाली नाही. तरी ते रेट्रोफिटिंगच होते, फक्त त्यात आगीचा धोका होता आणि दर उन्हाळ्याला ते नव्याने करावे लागे.

सिमेंटचा प्रवास याहून वेगळा आहे. १९१४ मध्ये पोरबंदर येथे भारतातील यशस्वी सिमेंट उत्पादनाला प्रारंभ झाला. निजाम राज्यातील शहाबाद येथेही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कारखाना उभा राहिला. तरीही सामान्य घरापर्यंत सिमेंट पोहोचायला बराच काळ लागला, कारण ते दीर्घकाळ सरकारी नियंत्रणाखाली होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी सिमेंटच्या वाटपावरून महाराष्ट्राचे राजकारण ढवळून निघाले. १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णतः उठले. त्यानंतर सिमेंट तालुक्याच्या दुकानात मिळू लागले आणि 'स्लॅबचे घर' ही ग्रामीण प्रतिष्ठेची खूण बनली.

स्लॅबची लोकप्रियता केवळ अनुकरणातून आली, असे मानणे अन्यायाचे होईल. स्लॅबने घरातील स्त्री-पुरुषांची अनेक कामे वाचविली. माती वाहणे संपले, चोपणे संपले, गळक्या छताखाली भांडी मांडणे संपले. ज्यांनी हे कष्ट केले त्यांना स्लॅब ही मुक्तता वाटली असल्यास नवल नाही. परंतु चार-पाच इंच जाडीच्या उघड्या स्लॅबमध्ये मातीसारखा विलंब नसतो. दिवसभराचे ऊन साधारण संध्याकाळी आत उतरू लागते, नेमके त्याच वेळी कुटुंब घरी परतलेले असते. रात्री उशिरापर्यंत छत उष्णता सोडत राहते. अर्थात डागडुजीचे श्रम संपले, परंतु घर थंड ठेवण्याचे काम संपले नाही. ते आता दुसऱ्या कशाने तरी करून घ्यावे लागणार होते.

४. किल्लारी, १९९३ : भयाने बदललेले छत

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. गणेश विसर्जनानंतरची ती पहाट होती आणि माणसे घरांत झोपली होती. दगड-मातीच्या भिंती आणि माळवदे त्यांच्यावर कोसळली.

येथे एक बाब इतिहासाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहिली पाहिजे. माळवदाचा वाढलेला भार हा अनेक वर्षांच्या डागडुजीचा परिणाम होता. गळती थांबविण्यासाठी दरवर्षी नवी माती टाकली गेली, जुनी क्वचितच काढली गेली. थर वाढत गेला. एक फूट जाडीच्या मातीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे पाचशे किलो भरते आणि काही घरांवर थर त्याहूनही जाड होते. पाणी आणि ऊन यांपासून वाचविणारी कृतीच तिसऱ्या संकटात घातक ठरली. तथापि भूकंपानंतरच्या तांत्रिक पाहणीतून असेही पुढे आले की, मुख्य दोष भिंतीत होता. आतला आणि बाहेरचा दगडी पदर सांधणारे आरपार दगड नसल्यामुळे भिंती फुगून फुटल्या. जेथे लाकडी खण मजबूत होता तेथे भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणे आढळली. माती दोषी होती, हा निष्कर्ष अपुरा होता. परंतु ज्यांनी आप्तांना मातीखालून काढले, त्यांच्यापुढे हा तांत्रिक भेद मांडून काय उपयोग? मातीविषयी भय निर्माण झाले आणि ते स्वाभाविक होते.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. दुसरीकडे, हजारो गावांतील सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाचे काम हाती घेण्यात आले. छतावरील जादा माती उतरविणे, भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे बसविणे, खांब-तुळईच्या जोडांना तिरपे आधार देणे असे उपाय सुचविण्यात आले. देशातील रेट्रोफिटिंगच्या मोठ्या प्रयोगांत याची गणना करावी लागेल. पण त्याचा एकमेव निकष भूकंप हा होता. छतावरची माती किती उतरवावी हे ठरविताना उन्हाळ्याचा विचार प्रामुख्याने झाला नाही, आणि त्या वेळी तो होणे अवघडही होते. नव्या वसाहती शहरी धर्तीच्या, रुंद रस्त्यांच्या, एकमेकांची सावली न घेणाऱ्या घरांच्या झाल्या. अनेकांनी तात्पुरत्या पत्र्याच्या निवाऱ्यात कित्येक महिने काढले, आणि पुढेही पत्रा हेच 'न मारणारे' छत म्हणून स्वीकारले गेले.

५. कुलर, भारनियमन आणि पाणी

मातीने सोडलेले काम घरात कुलरने घेतले. ओल्या गवताच्या जाळीतून हवा खेचणारे हे यंत्र म्हणजे तत्त्वतः वाळ्याची ताटी आणि पंखेवाला यांची विजेवर चालणारी जोडी होय. कोरड्या हवेत ते प्रभावी ठरते आणि वातानुकूलन यंत्रापेक्षा फारच कमी वीज घेते. परंतु त्याला दोन गोष्टी लागतात, वीज आणि पाणी. मराठवाड्यात भर उन्हाळ्यात नेमक्या याच दोहोंची टंचाई असते.

२००० नंतरच्या दशकात महाराष्ट्राने तीव्र भारनियमन अनुभवले. ग्रामीण भागात दुपारच्या वेळी वीज नसणे हा नित्याचा अनुभव होता. २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांत दुष्काळाने पाण्याचा प्रश्न टोकाला नेला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. ज्या शहरात पिण्याच्या पाण्यासाठी रांगा लागत होत्या तेथे कुलरच्या टाकीत रोज पाण्याच्या घागरी ओतणे कोणाला शक्य होते? ज्यांना परवडले ते वातानुकूलन यंत्राकडे वळले, इतरांनी तापलेल्या स्लॅबखाली दिवस काढले. दुपारी घरात असणारे बहुतेक जण स्त्रिया, वृद्ध, आजारी आणि लहान मुले असतात. उष्णतेची झळ घराघरांत सारखी नसते, तशी ती एकाच घरातील सर्वांनाही सारखी बसत नाही.

६. आजची धोरणे आणि त्यांच्या मर्यादा

२००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरोची स्थापना झाली. २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी आणि डिसेंबर २०१८ मध्ये 'इको-निवास संहिता' या नावाने निवासी इमारतींसाठी निकष तयार झाले. संहितेत छतातून आत शिरणाऱ्या उष्णतेच्या प्रमाणाला दर चौरस मीटर, दर अंशाला १.२ वॅट ही मर्यादा घातली आहे. कोणताही थर नसलेला साधा स्लॅब या मर्यादेच्या सुमारे तिप्पट उष्णता आत सोडतो. मात्र पहिल्या भागातील हे निकष ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी प्रकल्पांसाठी आहेत. आधीच बांधलेले दोन-तीन खोल्यांचे घर, घरकुल योजनेतील घर किंवा गावातील पत्र्याचे घर त्यांच्या कक्षेत येत नाही. जेथे त्रास सर्वाधिक आहे तेथे निकष पोहोचत नाहीत.

या पोकळीत शेजारच्या प्रदेशांनी काही पावले टाकली. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादमध्ये नेहमीच्या सरासरीपेक्षा सुमारे १,३४४ अधिक मृत्यू झाल्याचे पुढे अभ्यासातून स्पष्ट झाले. २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा स्वीकारला आणि २०१७ मध्ये सुमारे तीन हजार छते पांढरी करण्याचा प्रयोग हाती घेतला. तेलंगणाने २०२३ ते २०२८ या कालावधीसाठी शीतल छत धोरण जाहीर करून ३०० चौरस किलोमीटर छतांचे लक्ष्य ठेवले. एकेकाळी मराठवाडा आणि तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होते आणि दोहोंचा उन्हाळाही बराचसा सारखा आहे. त्यामुळे हा अनुभव आपणांस दूरचा नाही.

पांढऱ्या छताचे तत्त्व साधे आहे. चुन्याची ताजी सफेदी उन्हाचा मोठा भाग परत पाठविते, त्यामुळे छत कमी तापते. खर्चही कमी येतो. पण पहिल्या पावसाळ्यात सफेदी धुपते, धुळीने मळते आणि दोन-तीन वर्षांत छत पूर्वपदावर येते. दुसरा उपाय म्हणजे स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करणे. तो गळती रोखतो आणि उष्णताही थोपवितो, पण दर चौरस मीटरला दोनशे किलोंच्या आसपास भार वाढवितो. जुन्या, दुबळ्या स्लॅबवर तो टाकणे म्हणजे किल्लारीचा धडा विसरणे होय. येथे माळवदाचाच पेच नव्या रूपात पुढे उभा राहतो. हलका उपाय दरवर्षी श्रम मागतो आणि टिकाऊ उपाय भार वाढवितो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) मराठवाड्यात घर थंड ठेवणे हे प्रत्येक काळात कोणाच्या तरी श्रमावर अवलंबून होते. माळवदासाठी कुटुंबाचे व बलुतेदारांचे, सारवणासाठी स्त्रियांचे आणि बंगल्यासाठी भिस्ती व पंखेवाल्याचे ते श्रम होते. विजेने हे श्रम हटविले, परंतु त्यांची किंमत बिलाच्या आणि टंचाईच्या रूपाने शिल्लक राहिली.

(२) प्रत्येक टप्प्यावर एका संकटाचा उपाय करताना दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाले. माळवदाने ऊन व पाणी पाहिले, भार पाहिला नाही. भूकंपोत्तर दुरुस्तीने भार पाहिला, ऊन पाहिले नाही. कुलरने ऊन पाहिले, पाणी पाहिले नाही. म्हणून यापुढील कोणत्याही रेट्रोफिटिंगला ऊन, पाणी, भार आणि वीज अशा चारही कसोट्या एकाच वेळी लावल्या पाहिजेत.

(३) छत एकदा रंगवून छायाचित्र काढण्याने काम संपत नाही. देखभालीची तरतूद नसलेली योजना दुसऱ्या पावसाळ्यात वाहून जाईल. ही देखभाल पुन्हा स्त्रियांच्या विनामोबदला श्रमावर टाकली जाऊ नये. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीचा विचार प्रत्यक्षात आणला. उन्हाळ्याच्या तोंडावर वस्तीतील छतांची सफेदी हे मजुरी देऊन करून घेण्याचे सार्वजनिक काम मानले, तर त्याच परंपरेचा तो विस्तार ठरेल.

(४) शिल्लक राहिलेल्या माळवदांची नोंद तातडीने होणे आवश्यक आहे. मोजमाप, मातीचा प्रकार, दुरुस्तीच्या पद्धती आणि ती करणाऱ्यांच्या आठवणी यांचे संकलन इतिहास, भूगोल आणि अभियांत्रिकी या विभागांनी एकत्र येऊन करावे. हे काम महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. ज्यांनी स्वतःच्या हातांनी माळवदावर माती चोपली, ती पिढी आता वृद्ध झाली आहे.

माळवदाकडे परत जावे, असा या लेखाचा आग्रह नाही. ते शक्य नाही आणि किल्लारीनंतर कोणाला तसे सांगण्याचा अधिकारही नाही. परंतु बांधून झाले म्हणून घर पूर्ण होत नाही, त्याची दरवर्षी डागडुजी करावी लागते, हे माळवदाखाली राहिलेल्यांना माहीत होते. स्लॅबखाली राहणाऱ्या आपण सर्वांनी ते पुन्हा शिकण्याची वेळ आली आहे.